गोणताट नेसलेले राष्ट्र : प्रस्तावना

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण योनाचे पुस्तक तिला तोंडपाठ होते. नगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात पावसाळ्यात रानात जाताना बायाबापड्या पोत्याची खोळ डोक्यावरून घेत. ताग भिजला की जड होतो, मानेला टोचतो, आणि त्याचा कुबट वास रात्रीपर्यंत अंगाला चिकटून राहतो. निनवेचा राजा सिंहासनावरून उतरला, राजवस्त्रे काढून गोणताट नेसला आणि राखेत जाऊन बसला, इथवर गोष्ट आली की आजी खुंटीवरच्या खोळीकडे बोट करी. ‘‘तसलं. राजानं.’’ बायबलच्या काळातले गोणताट बकरीच्या केसांचे असे, आमचे तागाचे, टोचणे तेच. पुढे मी पुष्कळ प्रवचने ऐकली, काही दिलीही. पण एखाद्या राष्ट्राने देवापुढे लीन व्हायचे म्हणजे काय करायचे, हे मला त्या खोळीने जितके समजावले तितके दुसऱ्या कशानेच नाही.

ही पुस्तिका त्याच विषयाची आहे. सात संध्याकाळी घरी किंवा मंडळीत एकत्र बसून वाचावीत अशी सात मनने पुढे दिली आहेत. दानिएलाच्या नवव्या अध्यायापासून सुरुवात आहे आणि पेत्राच्या पहिल्या पत्रापाशी शेवट. त्याआधी विषयाची नीट ओळख व्हावी म्हणून हे चार शब्द.

आपल्या मंडळ्यांत राष्ट्रासाठी प्रार्थना होत नाही असे कुणी म्हणणार नाही. १५ ऑगस्टला होते, २६ जानेवारीला होते, दर रविवारी पुढाऱ्यांसाठी, सैनिकांसाठी, पाऊसपाण्यासाठी होते. दंगल झाली, पूर आला, साथ आली की उपवास-प्रार्थनाही ठेवतात. त्या प्रार्थना मी आयुष्यभर ऐकत आलो आहे आणि त्यांतली एक गोष्ट मला अस्वस्थ करते. त्यांत ‘हे प्रभू, त्यांची मने बदल’ असते, ‘त्यांना सुबुद्धी दे’ असते, ‘आमचे रक्षण कर’ असते. पापाची गोष्ट निघाली की कर्ता बदलतो. पाप करणारे ते असतात आणि प्रार्थना करणारे आम्ही.

दानिएलाचे उदाहरण यासाठीच पहिल्या दिवशी घेतले आहे. यरुशलेम पडले त्याच्या कितीतरी आधी हा मुलगा कैदी म्हणून बाबेलला नेला गेला. ज्या मूर्तिपूजेमुळे आणि ज्या अन्यायामुळे संदेष्टे कळवळून बोलत होते, त्यांत त्याचा हात नव्हता. तरी म्हातारपणी गोणताट नेसून, राख घेऊन तो देवापुढे बसतो तेव्हा बापजाद्यांचे, राजांचे, अधिकाऱ्यांचे सगळे पाप तो ‘आम्ही’ या एका शब्दाखाली आणतो. तो अध्याय हातात पेन्सिल घेऊन वाचावा आणि प्रत्येक ‘आम्ही’खाली रेघ मारावी. पान भरून जाते.

शब्दाविषयीही थोडे बोलले पाहिजे. मराठीत ‘पश्चात्ताप’ म्हणजे मागाहून होणारा ताप, मनाची पोळणी. आपल्या संतांनी ‘अनुताप’ म्हटले, तेही याच अंगाने. शब्द खरा आहे, पण अर्धा आहे. जुन्या करारात यासाठी जे हिब्रू क्रियापद येते त्याचा साधा अर्थ परत फिरणे असा आहे. वाट चुकलेल्या माणसाने बांधावर बसून कितीही हळहळ केली तरी तो घरी पोहोचत नाही. त्याला उठून वळावे लागते. ‘प्रायश्चित्त’ हा शब्द मी मुद्दाम टाळला आहे. त्यात विधी उरकला, दंड भरला, हिशेब चुकता झाला असा भाव येतो, आणि राष्ट्रांना तेवढेच हवे असते.

राष्ट्राने असा हिशेब चुकता करू पाहण्याचे आणि त्यापलीकडे जाण्याचे, दोन्हींचे उदाहरण एकाच माणसाच्या दोन लेखांत सापडते. तो माणूस अब्राहम लिंकन. तो कोणत्याही चर्चचा सभासद नव्हता, हे आधीच सांगतो.

अमेरिकेच्या यादवी युद्धाला दोन वर्षे होत आली होती. १८६३च्या मार्चमध्ये आयोवाचे सिनेटर जेम्स हार्लन यांनी मांडलेल्या ठरावावरून सिनेटने राष्ट्राध्यक्षांना विनंती केली की देशाने प्रार्थनेचा आणि लीनतेचा एक दिवस पाळावा. ३० मार्चला लिंकनने घोषणापत्र काढले आणि ३० एप्रिल, गुरुवार, हा दिवस ठरला. ते पत्र आजही वाचण्यासारखे आहे. व्यक्तींप्रमाणे राष्ट्रांनाही याच जगात शिक्षा भोगावी लागते, हे युद्ध कदाचित आपल्याच उद्दामपणाची शिक्षा असेल, असे त्यात म्हटले आहे. आम्हाला देवाने संख्या दिली, संपत्ती दिली, सामर्थ्य दिले आणि आम्ही समजलो की हे सगळे आमच्याच अकलेने आणि सद्गुणाने मिळाले. आम्ही इतके स्वयंपूर्ण झालो की प्रार्थना करण्यात कमीपणा वाटू लागला. युद्ध चालू असताना सरकारी शिक्क्याखाली एखाद्या राष्ट्रप्रमुखाने आपल्याच जनतेला असे सांगितल्याची उदाहरणे थोडी आहेत.

पण ते पत्र दोनतीनदा वाचले की एक रिकामी जागा दिसू लागते. त्यात गुलामगिरी हा शब्द नाही. अहंकार आहे, कृतघ्नता आहे, देवाला विसरणे आहे. ज्या पापापायी युद्ध पेटले त्याचे नाव मात्र नाही. त्याच वर्षी १ जानेवारीला गुलामांच्या मुक्तीची घोषणा करणाऱ्या लिंकनच्या सहीच्या पत्रात ते नाही. १८६०च्या खानेसुमारीत त्या देशात जवळपास ४० लाख माणसे गुलाम म्हणून मोजली गेली होती.

आणि दुसरी बाजूही उपवासच करत होती. फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी त्याच वर्षी २७ मार्च हा दिवस उपवास आणि प्रार्थनेसाठी नेमला होता. म्हणजे जेमतेम महिन्याच्या अंतराने दोन्ही बाजूंची चर्चे भरली, दोन्हीकडे तेच बायबल उघडले गेले, दोन्हीकडे लोक गुडघ्यांवर आले. डेव्हिस यांच्या उपवासानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच २ एप्रिलला त्यांच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, भुकेल्या बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या आणि दुकाने फुटली. लिंकनच्या उपवासाच्या दिवशी, ३० एप्रिललाच, उत्तरेची फौज व्हर्जिनियातल्या चॅन्सलर्सव्हिलला येऊन ठेपली होती. पुढच्या आठवड्यात तिथे तिचा दारुण पराभव झाला. उत्तरेचे मेलेले, जखमी आणि हरवलेले मिळून १७ हजारांवर गेले.

काही भक्तिपर पुस्तकांत या उपवासाची गोष्ट अशी सांगतात की राष्ट्र लीन झाले आणि दोन महिन्यांत गेटिसबर्गचा विजय मिळाला. मला ही सांगण्याची रीत मान्य नाही. मध्ये चॅन्सलर्सव्हिल आहे, आणि ते गाळून गोष्ट सांगणे म्हणजे देवाशी सौदा मांडणे. उपवास टाकला की विजय बाहेर येईल, असे यंत्र शास्त्रात कुठेही नाही. निनवेचा राजासुद्धा ‘कोण जाणे’ या सुरात बोलतो. देव कदाचित वळेल, कदाचित नाही; आपण वळायचे.

लिंकन स्वतः तिथे थांबला नाही, म्हणूनच त्याची गोष्ट इतक्या विस्ताराने सांगतो आहे. ४ मार्च १८६५ला त्याने दुसऱ्यांदा शपथ घेतली. सकाळपासून पाऊस होता, वॉशिंग्टनचे रस्ते चिखलाने भरले होते. युद्ध जिंकल्यात जमा होते आणि लोक विजयाचे भाषण ऐकायला आले होते. त्याने सातशेच्या आसपास शब्दांचे भाषण केले आणि त्यात दोन वर्षांपूर्वी न घेतलेले नाव घेतले: अमेरिकेची गुलामगिरी. दक्षिणेची म्हणाला नाही. दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाकडे एकमेकांविरुद्ध मदत मागतात, हे त्याने शांतपणे मांडले. देवाने हे भयंकर युद्ध उत्तरेला आणि दक्षिणेला, दोघांनाही दिले असेल; अडीचशे वर्षांच्या बिनमजुरीच्या घामावर उभी राहिलेली सगळी संपत्ती बुडेपर्यंत, आणि चाबकाने सांडलेल्या रक्ताच्या थेंबाथेंबाची भरपाई तलवारीने सांडलेल्या रक्ताने होईपर्यंत ते चालावे अशी देवाची इच्छा असेल, तरी देवाचा न्याय न्यायच आहे, असा त्या भाषणाचा गाभा आहे. जिंकणाऱ्याने जिंकताना स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

त्या संध्याकाळी फ्रेडरिक डग्लस व्हाइट हाउसच्या दारात आले तेव्हा पोलिसांनी त्यांना अडवले. ते एकेकाळचे गुलाम होते आणि काळे होते. लिंकनला कळल्यावर त्यांना आत घेतले गेले, आणि भाषण कसे वाटले, हे लिंकनने भर समारंभात त्यांना विचारले. ते एक पवित्र काम झाले, अशा अर्थाचे उत्तर डग्लस यांनी दिले. दहा-बारा दिवसांनी एका पत्रात लिंकनने लिहिले की हे भाषण लगेच लोकप्रिय होणार नाही. आपला हेतू आणि परमेश्वराचा हेतू यांत अंतर आहे हे दाखवून दिलेले माणसांना आवडत नाही. भाषणानंतर सहा आठवड्यांनी, उत्तम शुक्रवारच्या रात्री, त्याला गोळी घातली गेली.

या इतिहासाचा एक धागा आपल्या दारापर्यंत आला आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतल्या, गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना. आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा तिथेच व्यक्त केली. फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, ख्रिस्ती झाले नव्हते. पण एका राष्ट्राने आपले पाप ओळखले तर काय होऊ शकते, हे त्यांनी पुण्यात बसून पाहिले. ते अर्पण वाचताना मला नेहमी वाटते की हा प्रश्न आम्हालाही घातलेला आहे. त्याकडे शेवटी येतो.

लंडनमध्ये पाळलेल्या एका उपवासाची गोष्ट लिंकनच्या त्या भाषणाच्या नेमकी उलट, आणि ती आपल्याला अधिक जवळची आहे. उत्तर हिंदुस्थानात बंड पेटले तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या घोषणेने ७ ऑक्टोबर १८५७ हा बुधवार सबंध ब्रिटनमध्ये उपवासाचा, लीनतेचा आणि प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला गेला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये २३ वर्षांच्या चार्ल्स स्पर्जनने प्रवचन दिले. तेव्हा मोजलेली गर्दी होती २३,६५४. स्पर्जनची प्रवचने आमचे पाळक आजही आदराने वाचतात, मीही वाचतो. त्या दिवशी त्याने आपल्या देशाच्या पापांवर बोट ठेवले हे खरे. पण बंडखोर शिपायांना कठोर शासन झालेच पाहिजे, हेही त्याने व्यासपीठावरून ठासून सांगितले. देशभरच्या पुष्कळ व्यासपीठांवरून तेच झाले. काही थोड्यांनी कंपनीच्या कारभाराकडे बोट दाखवले, पण बहुतेकांच्या तोंडी लीनतेपेक्षा सूडच अधिक होता. दिल्ली दोन आठवड्यांपूर्वीच पडली होती आणि तिथली घरे लुटली जात होती, माणसे मारली जात होती.

१५ ऑक्टोबरला, म्हणजे त्या उपवासानंतर आठच दिवसांनी, मुंबईच्या एस्प्लनेडच्या मैदानावर सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी बांधून उडवण्यात आले. आज त्या भागाला आपण आझाद मैदान म्हणतो. सीएसएमटीला उतरून मी कितीतरी वेळा तिथून गेलो आहे. राष्ट्रीय उपवास हा शब्द कुठे वाचला की मला आता लंडनचा तो काचेचा महाल आठवत नाही, हे मैदान आठवते. दुसऱ्याच्या पापासाठी गोणताट नेसले तर त्याखाली तलवार सहज लपते.

जर्मनीविषयी थोडक्यात सांगतो, कारण पाचव्या दिवसाच्या मननात ते पुन्हा येणार आहे. पाळक मार्टिन निमोलर यांना हिटलरच्या सरकारने १ जुलै १९३७ला पकडले आणि १९४५पर्यंत कोठडीत आणि छळछावण्यांत ठेवले. सुटल्यावर ते पत्नीला घेऊन डाखाउची आपली कोठडी दाखवायला गेले. तिथल्या शवदाहगृहापाशी फलक होता: इथे १९३३ ते १९४५ या काळात जाळलेल्या माणसांचा आकडा. निमोलर पुढे अनेकदा सांगत की आकड्यापेक्षा त्या दोन सालांनी त्यांना हादरवले. १९३७पासून पुढे कुठे होतास, असे देवाने विचारले असते तर त्यांच्याजवळ उत्तर होते. १९३३ ते १९३७ या चार वर्षांचे उत्तर नव्हते. १९४५च्या ऑक्टोबरात, १८ आणि १९ तारखांना, श्टुटगार्टमध्ये जर्मन इव्हँजेलिकल चर्चच्या ११ पुढाऱ्यांनी दोषाच्या कबुलीवर सह्या केल्या. त्यांत निमोलर होते. आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक प्रेम केले नाही, असा स्वतःवर आरोप त्यांनी ठेवला. स्वतःच्या देशातले लोक त्यांच्यावर खवळले. बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या, उपाशी लोकांना हे ऐकायचे नव्हते. पण त्या कबुलीतही एक शब्द राहून गेला. यहुद्यांचे नाव त्यात नाही. ते घ्यायला चर्चला १९५०च्या बर्लिन-वाइसेन्झे इथल्या धर्मसभेपर्यंत वेळ लागला.

लिंकनला गुलामगिरीचे नाव घ्यायला दोन वर्षे लागली, जर्मन चर्चला यहुद्यांचे नाव घ्यायला पाच. ज्याचे आपण सर्वांत मोठे देणेकरी असतो, त्याचेच नाव जिभेवर यायला सर्वांत उशीर होतो. मोघम कबुली सोपी असते. ‘आम्ही पापी आहोत’ असे रविवारी म्हणणारा माणूस सोमवारी कुणाचेही देणे फेडायला बांधलेला नसतो.

इथे एक खुलासा केला पाहिजे. राष्ट्रासाठी उपवासाची बैठक असली की इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकातले सातव्या अध्यायातले चौदावे वचन हटकून निघते. माझ्या लोकांनी दीन होऊन प्रार्थना केली, आपल्या वाईट मार्गांपासून ते वळले, तर मी ऐकेन आणि त्यांचा देश बरा करीन, असा त्याचा आशय. हे अभिवचन शलमोनाला मंदिराच्या अर्पणाच्या वेळी, इस्राएलाविषयी दिलेले आहे. ते उचलून कोणत्याही आधुनिक राष्ट्राच्या झेंड्यावर शिवता येत नाही. अमेरिकेच्या नाही, आपल्याही नाही. आपला देश अनेक धर्मांचा आहे आणि आपल्या शेजाऱ्याने आपल्या देवापुढे गुडघे टेकावेत अशी सक्ती करण्याचा विचारही ख्रिस्ती माणसाने मनात आणू नये. त्या वचनातला आपल्याला लागू होणारा शब्द आहे ‘माझे लोक’. न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून होते, असे पेत्र म्हणतो. म्हणून राष्ट्रासाठी पश्चात्ताप करायचा तर तो मंडळीच्या उंबऱ्याच्या आतून सुरू करावा लागतो.

आणि उंबऱ्याच्या आत जात बसली आहे. २०१६ साली भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या दलितविषयक धोरणपत्रात चर्चमध्येच भेदभाव पाळला जातो हे लेखी मान्य केले. आम्ही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी त्यात समाधान मानण्याचे कारण नाही. ज्या मराठी मुलखात महार आणि मांग समाजांतल्या आमच्या आज्या-पणज्यांनी ख्रिस्ताला स्वीकारले ते माणूस म्हणून उभे राहता यावे म्हणून, त्याच मुलखात आम्ही आजही सोयरीक जुळवताना काय विचारतो, हे आम्हाला ठाऊक आहे.

मला माझे सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या पुतणीला स्थळ आले. मुलगा शिकलेला, नोकरीत कायम, उपासनेत पेटी वाजवणारा. त्याचे वडील आमच्या घरी आले, चहा झाला, प्रार्थना झाली, आणि मी विचारले, ‘‘तुम्ही मूळचे कोण?’’ गावाविषयीचा प्रश्न नव्हता तो. मला ठाऊक होते, त्यांनाही ठाऊक होते. त्यांनी बशी हळूच खाली ठेवली, रुमालाने चष्मा पुसला आणि आपल्या तालुक्याचे नाव सांगितले. ते उत्तर देऊन त्यांनी माझी लाज राखली. स्थळ पुढे गेले नाही. त्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेत मी देशातल्या जातीय तेढीसाठी प्रार्थना केली. शब्द सुंदर होते. ही मनने त्या रात्रीच्या ओझ्याखाली लिहिली आहेत. त्या गृहस्थांकडे मी गेलो होतो, पण फार उशिरा गेलो.

वाचक बंधुभगिनींनो, या पुस्तिकेच्या सातही संध्याकाळी एक नियम पाळावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. सरकारचे, विरोधकांचे, दुसऱ्या धर्माच्या लोकांचे, दुसऱ्या मंडळीचे पाप या सात दिवसांत उच्चारू नका. त्यासाठी वर्षाचे बाकीचे दिवस आहेत. आपले आणि आपल्या मंडळीचे पाप त्याच्या नावाने घ्या. ज्याचे देणे आहे तो माणूस हयात असेल, तर सातवा दिवस उजाडण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन या. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात गहाण घेतलेली शेते आणि घरे त्याच दिवशी परत करायला सांगितले आहे, तो भाग तिसऱ्या दिवसासाठी घेतला आहे. तो घाईत वाचू नका. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि मुलांना सोबत बसवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.